भाई, तो आवाज आईचा नव्हता

भाई, केजला झालेल्या तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. तुमच्या पत्नीने, शैलाताईंनी, दोनदा खूण केली, सूत्रसंचालकाने माझं नावही पुकारलं, मी मानेनेच नाही म्हटलं. माझ्या पुढच्या खुर्चीवर साखर कारखान्याचे एक संचालक बसले होते. ज्यांच्याविरुद्ध तुम्ही दर हंगामात पत्रकं काढलीत, तेच. त्यांनी तुमच्या फोटोला हार घातला आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "भाई आधी लई तापट होते. पण पिक्चर काढला आन् माणूस समंजस झाला." लोकांनी माना डोलावल्या.

समंजस. तुमच्यासारख्या माणसाला याहून वाईट शिवी मला सुचत नाही. आणि ती तुम्ही कमावलेली आहे, हे मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळत होतं. उठले असते तर एकतर त्यांच्यावर धावून गेले असते, नाहीतर तुमच्यावर. तुमच्यावर जाण्याची सोय राहिली नव्हती. तुम्ही हारामागे होतात.

म्हणून इथे लिहिते आहे. तुमचा जन्म, शिक्षण, तुरुंगवास, हे सगळं इतरांनी छापलंय. मला तुमच्याशी भांडण पुरं करायचं आहे.

आमच्या घरात पुस्तक नव्हतं, तुमची पत्रकं होती. आबा नांदूरघाटच्या बाजारातून मीठ-मिरचीबरोबर ती घेऊन यायचे. गुलाबी, पिवळी, फिक्या हिरव्या रंगाची; प्रेसवाल्याकडे जो कागद उरला असेल त्यावर छापलेली. आई ती खळीने भिंतीला चिकटवायची, म्हणजे पोपडे पडायचे नाहीत. मी अक्षरं त्या भिंतीवर शिकले. 'मजुरांनो' हा मी स्वतःहून वाचलेला पहिला शब्द. आईआबा ऊसतोडीला गेले की मी वसतिगृहात असायचे आणि परत आले की आधी भिंत बघायचे, नवीन काय चिकटलंय ते.

अकरावीत तुम्ही मला पहिलं पत्रक लिहायला लावलंत. मी दोन पानं भरली. शोषण, अन्याय, व्यवस्था. तुम्ही ते वाचलंत, त्यावर चहाचा कप ठेवलात आणि विचारलंत, "ह्यात दोषी कोण हाय?"

"व्यवस्था," मी म्हटलं.

"व्यवस्था कुठं राहती? तिच्या दाराला कडी हाय का? आपण जाऊन कडी वाजवली तर जो माणूस बाहेर येईल, त्याचं नाव लिही. पहिल्याच ओळीत. बाकीचं मागून."

भाई, मी आजवर जे काही लिहिलं ते या एका वाक्यावर लिहिलं. आणि तुमच्यावरचा माझा सगळा राग याच वाक्यातून निघतो. तुम्ही मला दुसरं काही शिकवलं असतंत तर आज मी तुमच्यासाठी चार अश्रू ढाळून मोकळी झाले असते.

मग तुमच्या डोक्यात पिक्चर शिरला. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, जाहिरात करायची इच्छा नाही. तुम्ही म्हणालात, "पत्रक माणूस वाचतो आन् त्यातच भजी बांधून नेतो. पिक्चर राहतो." मी म्हटलं, भजी खाताना तरी तो पुन्हा वाचतो. तुम्ही हसलात आणि म्हणालात, तू हाडाची पत्रकवाली. ते कौतुक होतं की टोमणा, हे तेव्हा विचारलं नाही.

पण तुमच्या एका हट्टासाठी मी तुम्हाला जन्मभर मानेन. तुम्ही सांगून टाकलंत की पिक्चर खऱ्या ऊसतोड टोळीला घेऊनच काढणार. पुण्याच्या नट्यांच्या तोंडाला काळं फासून त्यांना मोळ्या उचलायला लावणार नाही. आणि याच हट्टाने पिक्चरचा जीव घेतला. कारण टोळी दसरा झाला की ऊसतोडीला निघते ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येते. हिवाळ्यातला ऊस तोडणारी माणसं तुम्हाला मिळणार ती उन्हाळ्यात. मांजरेच्या काठावरच्या एका शेतकऱ्याच्या हातापाया पडून तुम्ही त्याचा ऊस उभा ठेवायला लावलात आणि वैशाखाच्या उन्हात सगळ्या टोळीला घोंगड्या पांघरायला लावल्या. पुढ्यात शेकोटी, डोक्याला मफलर, आणि तुम्ही कॅमेऱ्यामागून ओरडताय, "थरथरा, जरा थरथरा."

आबा म्हणाले, "भाई, घाम पुसू का थरथरू, येक काय ते सांगा."

त्या दिवशी शूटिंग तासभर बंद पडलं होतं, सगळे इतके हसत होते. तुम्ही सुद्धा. मग पावसाळा यायचा, मग दसरा, टोळी निघून जायची आणि तुम्ही कॅमेरा झाकून ठेवायचात. असे किती उन्हाळे गेले.

त्यातल्या एका उन्हाळ्यात आईचा प्रसंग झाला. मी अंबाजोगाईच्या कॉलेजातून सुट्टीला आले होते. उसाच्या पाचटाची कोपी, फडावरची झोपडी, उभी केली होती, तिच्या तोंडाशी चूल मांडली होती. आईने भाकरी थापत काहीतरी घरचं बोलायचं, एवढंच तुम्ही सांगितलं होतं. आईने पिठाचा गोळा हातात घेतला आणि विचारलं, "भाई, ह्ये त्या मशिनीत जाणार का?"

"जाणार."

"मग नीट ऐका. म्या दोनदा सांगणार न्हाई."

आणि ती बोलू लागली. "कोयता म्हंजी नवरा-बायकू मिळून येक. म्या आर्धी. ह्या आर्धीला महिन्यातनं दोन-तीन दिस उठवत न्हाई, तर आख्ख्या कोयत्याचा खाडा पडतो. मुकादम म्हणला, कावून दर महिन्याला रडतीस, पिशवी काढून टाक येकदाची. डाक्टरबी त्यानंच दावला. ह्ये म्हणले, त्यो म्हणतोय तर काढू. तवा म्या हिच्यापरास थोडीच मोठी व्हते." आणि पिठाचा हात तिने माझ्याकडे केला.

खाडा म्हणजे कामाचा बुडालेला दिवस, पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडच्या बायका असंच म्हणतात. मला पाठचं भावंड का नाही, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. आईने ते मला कधी सांगितलं नव्हतं. तिने ते तुम्हाला सांगितलं. आबा घोंगडी पांघरून शेकोटीपाशी बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. आई भाकरी तव्यावर टाकून मोकळी झाली.

वारा सुटला होता, कोपीचं पाचट सळसळत होतं. साउंडवाला म्हणाला, आवाजात वारा शिरलाय, परत घेऊ. तुम्ही त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. "परत न्हाई. ती दोनदा सांगणार न्हाई म्हणली."

भाई, त्या दिवशी तुम्ही सांगितलं असतंत तर मी विहिरीत उडी मारली असती.

मग तुमचा पिक्चर पुण्याला गेला आणि तिथेच राहिला. निर्मात्याने अडवलाय, कुणीतरी नाराज आहे, कापायचं चाललंय, रंग द्यायचं चाललंय. दर पाडव्याला टोळी परत आली की विचारायची, "भाई, पिक्चर कवा?" तुम्ही म्हणायचात, "ह्या दिवाळीला." बायका म्हणायच्या, "दिवाळीला आमी फडावर आसतो. कावून आमी नसताना लावायलाव?" हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं. पिक्चरमध्ये मुलीचं काम केलेली मंगल सासरी गेली. ज्या बैलांना तुम्ही झूल घालून मिरवलं होतं ते विकले गेले. हनुमंत मुकादम, ज्याच्या टोळीत आईआबा गेल्या हंगामापर्यंत होते, पारावर बसून म्हणायचा, "भाईचा पिक्चर म्हंजी सरकारी नळ हाय. तोटी बशिवली, पाणी न्हाई."

या वर्षी श्रावणात पाणी आलं. बीडच्या टॉकीजला पिक्चर लागला. टोळी दोन टेम्पो करून निघाली, मुकादमही आला, पुढे ड्रायव्हरजवळ बसून.

जे चांगलं होतं ते आधी सांगते, कारण तेही तुम्ही केलंत. अंधार झाला आणि पडद्यावर आमचे बैल आले तेव्हा अख्खी टॉकीज उभी राहिली. आबांनी बैलांना नावं घेऊन हाका मारल्या. मंगल घागर घेऊन कोपीत शिरते तेव्हा पोरगी असते आणि आतून बाहेर येते तेव्हा चांगली वयात आलेली असते, कारण मध्ये तुमचे दोन उन्हाळे गेले होते. एक म्हातारी म्हणाली, "घागरीत काय खत व्हतं व्हय गं?" शिट्ट्या पडल्या. आणि मग तो फळीचा प्रसंग. ट्रकला तिरकी लावलेली फळी, डोक्यावर मोळी घेऊन एकामागून एक चढणाऱ्या बायका, प्रत्येकीच्या पायाखाली वाकणारी ती फळी. गाणं नाही, संगीत नाही, नुसती फळी करकरते. टॉकीजमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. जन्मभर ती फळी चढलेल्या बायका ती पहिल्यांदा लांबून बघत होत्या. भाई, असं पत्रक मी कधीही लिहू शकणार नाही. हे मी मान्य करते, आणि मान्य करताना माझे दात आवळलेले आहेत.

मग चूल आली. पिठाचा हात आला. आईने तोंड उघडलं आणि दुसरीच कुणीतरी बाई बोलली.

गोड आवाज होता. आमची बोली शिकून आलेली बाई असावी. 'हाय' आणि 'न्हाई' अगदी मोजून जागच्या जागी टाकत होती. ओठ आईचे, पीठ आईचं, आणि ती बाई म्हणाली, "बाईचा जलमच आसा. पिशवी काढली. नशिबात व्हतं, झालं."

मुकादम नाही. डॉक्टर नाही. खाडा नाही. आईचे ओठ अजून हलत होते पण त्या बाईचे शब्द संपले होते, तिथे बासरी वाजत होती.

मी आईकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती, परक्या घरात चुकून शिरल्यावर माणूस बघतो तशी. बाहेर आल्यावर हनुमंत मुकादम पानाची पिंक टाकून तिच्यासमोर उभा राहिला. "वैनी, झकास बोल्लाव बगा. मला धाकधूक व्हती, तुमी काय बोलताव काय की. पण शाण्यासारकं बोल्लाव."

टेम्पो मांजरसुंब्याचा घाट चढून वर आला तेव्हा आई पहिल्यांदा बोलली, कुणालाही उद्देशून नाही. "म्या कवा म्हणले नशीब?"

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला फोन केला. तुमचा आवाज आनंदात होता. "बघितलास? फळी बघितलीस?"

"आईचा आवाज कुठाय?"

तुम्ही म्हणालात, "वारा होता गं त्यात. पुण्यात म्हणले, चालणार न्हाई."

"वाऱ्यानं मुकादमाचं नशीब केलं का?"

"ऐक. त्या एका वाक्यावर सगळं अडकलं होतं. ते काढलं तर पिक्चर सुटतो, न्हाई तर डब्यात कुजतो. मी काय करायचं होतं? निदान तुझी आई महाराष्ट्राला दिसली तरी."

"दिसली. ऐकू आली नाही."

"तू अजून पत्रकातच राहतीस."

"तुम्हीच ठेवलंत तिथे. दोषी कोण, ते पहिल्या ओळीत. तुमच्या पिक्चरमध्ये दोषी कोण हाय, भाई? कुणाच्या दाराची कडी वाजवायची?"

तुम्ही म्हणालात, "दसऱ्याच्या आत गावात दाखवणार हाय, पारासमोर. टोळीला शब्द दिलाय. तवा येतो, तुझ्या आईशी बोलतो. तू मधी बोलू नको." आणि फोन ठेवलात.

तुम्ही आला नाहीत. त्याआधीच तुमची छाती बंद पडली. बातमी आली तेव्हा आई ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवून ती मोठ्याने रडली. तिचा तो रडण्याचा आवाज तिचा स्वतःचा होता, कुणी बदललेला नव्हता, आणि तो तुमच्यासाठी होता. मला रडू आलं नाही. मला वाटलं, हा माणूस पळाला. आईसमोर बसून 'कौसल्या, मी तुझं बोलणं विकलं' एवढं म्हणायचं होतं, तेवढ्यासाठीही थांबला नाही.

हे अन्यायाचं आहे, मला माहीत आहे. छाती कुणी ठरवून बंद पाडत नाही. तरी मी ते खोडणार नाही.

तुमचा शब्द शैलाताईंनी पाळला. शोकसभेच्या दुसऱ्याच आठवड्यात त्या प्रोजेक्टर घेऊन आल्या. पारासमोर पांढरा कपडा बांधला, दिवेलागणीनंतर गाव जमलं. हनुमंत मुकादमासाठी पुढे खुर्ची टाकली होती. बायका बाजूला सतरंजीवर. मी शैलाताईंजवळ उभी होते. मी काहीही ठरवलं नव्हतं, हे तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण तुम्हाला वाटलं असतं की हे माझंच काम.

चूल आली. पिठाचा हात आला. आणि आबा उठले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात मुकादमासमोर आवाज चढवला नाही, तो सावकाश चालत स्पीकरपाशी गेला आणि त्याने वायर उपटली. पडद्यावर आईचे ओठ हलत राहिले. आबा वायर हातात धरून आईकडे बघत उभे होते.

आई सतरंजीवरून उठली. पदर खोचला.

"मागच्या टायमाला वारा व्हता म्हणं," ती म्हणाली. "आज वारा न्हाई. म्हणून दुसऱ्यांदा सांगते."

आणि तिने सांगितलं. तेच, आणि त्याहून जास्त. या वेळी नुसतं मुकादम नव्हतं. "हनुमंत मुकादम, तुमी म्हणलाव, पिशवी काढून टाक. तुमी गाडी करून नेलाव. डाक्टरापुढं तुमीच बोललाव, मला कुणी इचारलं न्हाई." ती थांबत थांबत बोलत होती आणि पिक्चर तिच्यासाठी थांबत नव्हता. चूल निघून गेली, बैल आले, मग तुमच्या पिक्चरमधला मुकादम आला, टोपी सारखी करत हात हलवू लागला, आणि त्याच्या तोंडून आईचा आवाज येत राहिला.

हनुमंत मुकादम खुर्चीत वळून म्हणाला, "वैनी, पिक्चर चालू हाय. खाली बसा."

"पिक्चरमंदी म्या बसलेलीच हाय," आई म्हणाली.

कुणी हसलं नाही. सतरंजीवरून एका बाईने हळूच विचारलं, "कौसे, डाक्टर त्योच का गं?" दुसरी म्हणाली, "त्योच आसणार, मलाबी तितंच नेलतं." मुकादम उठला आणि खुर्ची तशीच ठेवून गेला. मग पडद्यावर फळी आली. वायर आबांच्या हातातच होती, त्यामुळे करकर नव्हती. तरी सगळे गप्प होऊन बघत राहिले. शैलाताई रडत होत्या. मला मोठ्याने म्हणावंसं वाटलं की बघा भाई, तुमची फळी आवाजाशिवायही वाकते. आणि आई बोलली तेव्हा तिला तुमची गरज लागली नाही. दोन्ही खरं आहे. तुम्ही जिवंत असतात तर यावर आपण पहाटेपर्यंत भांडलो असतो.

पिक्चर राहतो, असं तुम्ही म्हणाला होतात. राहतोच. त्यातली ती गोड आवाजाची बाईही राहणार. मी आणि आई मेल्यावरही ती कुठल्यातरी पडद्यावर भाकरी थापत नशीब म्हणत राहील. हे तुम्ही मागे ठेवून गेलात. फळीसाठी मी तुमची ऋणी आहे, पण या बाईसाठी तुम्हाला माफी नाही.

दसरा तोंडावर आलाय. आजूबाजूच्या वस्त्यांवर टोळ्यांची बांधाबांध चालली आहे. हनुमंत मुकादमाची गाडी सगळ्या दारांत येऊन गेली, आमच्या दारात आलेली नाही. आबा दुसऱ्या मुकादमाकडे जाऊन आले. तो म्हणाला, बघतो. आईने कोयत्यांना धार लावून ठेवली आहे. विचारलं तर म्हणते, "धार लावून ठिवाया काय जातंय."

काल केजच्या प्रेसवर गेले होते. गुलाबी कागद उरला होता, तोच घेतला. आई जे पारासमोर बोलली ते तसंच्या तसं छापलंय, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. त्याच्या वर, पहिल्या ओळीत हनुमंत मुकादमाचं नाव आहे. दुसऱ्या ओळीत तुमचं.

खाली सही आईची आहे.